मोजणीची विद्या

प्रास्ताविक

आजारी माणसाला बरे करणारा डॉक्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याचा दवाखाना, त्याने लिहून दिलेली चिठ्ठी, त्याची औषधे आपण पाहिलेली असतात. पण एखाद्या तालुक्यात दरवर्षी किती लहान मुले दगावतात, कशाने दगावतात आणि त्यांतील किती वाचवता आली असती, या प्रश्नांची उत्तरे दवाखान्यात बसून मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी विद्या लागते. ती विद्यापीठांत शिकवली जाते आणि तिची पदव्युत्तर पदवीही मिळते. प्रस्तुत पाठात ही विद्या शिकण्यासाठी परदेशी गेलेल्या आणि शिक्षण संपताच गडचिरोलीला आलेल्या एका डॉक्टर दांपत्याच्या कामाचा परिचय करून दिला आहे. पाठ वाचताना बरेच आकडे येतील. ते घाईने ओलांडून जाऊ नका. त्यांतील प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी घर आहे.

मूळ पाठ

१९४५ सालची गोष्ट. वर्ध्याचे अर्थशास्त्राचे तरुण प्राध्यापक ठाकुरदास बंग यांचे उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे ठरले होते. निघण्यापूर्वी ते गांधीजींचा आशीर्वाद घेण्यासाठी सेवाग्रामला गेले. अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेपेक्षा भारतातील खेड्यांत जावे, असा सल्ला गांधीजींनी त्यांना दिला. ठाकुरदासांनी अमेरिकेचा बेत सोडला आणि ते खेड्याकडे वळले.

पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांचे पुत्र डॉ. अभय बंग हे पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह त्याच अमेरिकेला शिकायला गेले. वरवर पाहता ही वडिलांच्या वाटेच्या उलट दिशा होती. खरोखरच ती तशी होती का, हे ठरवायचे तर ते दोघे काय शिकायला गेले आणि शिकून कोठे परतले, हे पाहावे लागते.

अभय बंग यांचे बालपण सेवाग्रामच्या वातावरणात गेले. गांधीजींच्या कल्पनेतून निघालेल्या नयी तालीमच्या शाळेत ते शिकले. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले. त्यांनी औषधवैद्यकशास्त्रात आणि राणीताईंनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. एवढ्या शिक्षणावर शहरात उत्तम व्यवसाय करता आला असता. पण त्यांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम सुरू केले.

तेथे त्यांना एक गोष्ट लवकरच कळून चुकली. शेतमजूर दवाखान्यात येई, औषध घेऊन बरा होई आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन पुन्हा येई. आजाराचे मूळ पोटात होते. पोटभर अन्न नव्हते. अन्न का नव्हते? मजुरी पुरत नव्हती म्हणून. त्या काळी महाराष्ट्रात शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये होती. ही रक्कम वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेली होती. अभय बंग यांनी त्या समितीचा हिशोब मुळापासून तपासला. कष्टाचे काम करणाऱ्या शरीराला किती उष्मांक लागतात, घरात खाणारी तोंडे किती असतात, हे नव्याने मांडून पाहिले. त्या हिशोबात गरज कमी धरली गेली होती, असे त्यांना आढळले. योग्य मजुरी १२ रुपये असायला हवी, असा निष्कर्ष त्यांनी पुराव्यांसह मांडला. मजूर संघटनांनी तो उचलून धरला आणि १९८० च्या दशकात शासनाने मजुरीचा दर १२ रुपयांपर्यंत वाढवला.

दवाखान्यात वर्षानुवर्षे बसूनही जे झाले नसते, ते काही पानांच्या हिशोबाने घडले होते. संशोधनात केवढी ताकद असते, याची ही पहिली प्रचीती होती. पण ती ताकद वापरण्याची शिस्तबद्ध रीत आपल्याला येत नाही, हेही दोघांच्या लक्षात आले. ती रीत शिकण्यासाठी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. १९८४ साली दोघांनीही सार्वजनिक आरोग्य या विषयाची पदव्युत्तर पदवी संपादन केली. इंग्रजीत या पदवीला 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ' म्हणतात.

बाल्टिमोरचे धडे

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण देणारी ही संस्था १९१६ साली स्थापन झालेली, म्हणजे जगातील आद्य संस्थांपैकी एक. दोन एम. डी. डॉक्टरांनी पुन्हा वर्गात बसून तेथे नेमके काय शिकायचे होते?

अभ्यासक्रमाचा पाया दोन विषयांचा असतो. एक साथरोगशास्त्र आणि दुसरा जैवसंख्याशास्त्र. साथरोगशास्त्र हे नाव थोडे फसवे आहे. त्यात केवळ साथींचा अभ्यास नसतो. कोणता रोग कोणाला, कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात होतो, याचा शोध त्यात घेतला जातो. जैवसंख्याशास्त्र हे त्या शोधातील आकड्यांचे व्याकरण होय. जोडीला समाजशास्त्र, आहारशास्त्र, आरोग्य सेवांचे व्यवस्थापन, संशोधनाची नीती असे विषय येतात. त्या सगळ्यांची यादी देण्यापेक्षा या विद्येची दोन मूलतत्त्वे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिले तत्त्व छेदाचे. अपूर्णांकात वरच्या अंकाला अंश आणि खालच्या अंकाला छेद म्हणतात, हे तुम्ही गणितात शिकला आहात. समजा, तालुक्याच्या रुग्णालयात न्यूमोनिया झालेली २० मुले दाखल झाली आणि त्यांतील २ दगावली. यावरून तालुक्यात न्यूमोनियाने दहा टक्के मुले मरतात, असे म्हणता येईल का? येणार नाही. ज्यांच्या आईबापांकडे बसभाड्याचे पैसे नव्हते, जी वाटेतच गेली, जी झोपडीतच गेली आणि ज्यांची नोंद कोठेच झाली नाही, ती मुले या हिशोबात धरलेलीच नाहीत. रुग्णालयाला फक्त दारात आलेले दिसतात. खरा छेद हवा असेल तर गावातील प्रत्येक घर, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजावा लागतो. म्हणूनच बालमृत्यूचा दर 'दर हजारी' सांगतात. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बालके गेली, असा तो हिशोब असतो.

दुसरे तत्त्व तुलनेचे. एखाद्या गावात औषधोपचार सुरू केले आणि त्या वर्षी मृत्यू कमी झाले, तर श्रेय औषधाचे की त्या वर्षीच्या चांगल्या पिकाचे? हे ओळखायचे तर त्याच भागातील, तशाच परिस्थितीतील, पण तो उपचार सुरू न केलेली गावेही त्याच काळात मोजावी लागतात. दोन्हींतील फरक म्हणजे उपचाराचा परिणाम. ही मोजणी करताना मनाला भावणारे उत्तर आधीच ठरवून चालत नाही. उत्तर विरुद्ध गेले तरी ते जसेच्या तसे लिहावे लागते. कोणत्याही अभ्यासक्रमाला हे शिकवणे सर्वांत जड जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जॉन्स हॉपकिन्सची या बाबतीतील परंपरा भारताशी जोडलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. तेथील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे संस्थापक डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म १९१६ साली मसुरीचा. १९६० च्या दशकापासून १९७४ पर्यंत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात, चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील नारंगवाल व परिसरातील गावांत मोठा अभ्यास केला. गावात राहणाऱ्या साहाय्यक परिचारिकांना प्रशिक्षण दिले, तर त्या लहान मुलांच्या न्यूमोनियावर आणि अतिसारावर घरच्या घरी उपचार करू शकतात आणि त्यामुळे मृत्यू घटतात, असे नारंगवालने दाखवून दिले होते. पंजाबच्या गव्हाच्या शेतांतून निघालेला हा विचार बाल्टिमोरला पोहोचला होता. तो पुढे गडचिरोलीच्या जंगलात आणखी एक पाऊल टाकणार होता.

पाठगत प्रश्न

१. दवाखान्यातील नोंदींवरून गावाच्या आरोग्याचे खरे चित्र का मिळत नाही?
२. उपचार सुरू केलेल्या गावांबरोबर इतर गावेही का मोजावी लागतात?

गडचिरोलीत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. घनदाट जंगल, विरळ वस्ती, गोंड व माडिया आदिवासींची मोठी संख्या आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने तुटणारे रस्ते. अमेरिकेतून परतलेल्या या दांपत्याने १९८६ साली येथे काम सुरू केले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'सर्च' हा शब्द तयार झाला. त्याचा अर्थ शोध. आरंभी त्यांना जागा मिळाली ती तेंदूपानांच्या जुन्या गोदामाची. उभे आयुष्य काचेच्या प्रयोगशाळेत काढता येईल अशी पदवी हातात होती आणि प्रयोगशाळा मांडली गेली गोदामात.

पहिलाच अभ्यास मात्र त्यांना वेगळाच धडा देऊन गेला. या भागातील आदिवासींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. गावोगावी रक्ताचे नमुने तपासून त्यांनी त्याचे प्रमाण शोधून काढले. शास्त्राच्या दृष्टीने काम चोख झाले. शासनानेही दखल घेतली. पण ज्यांचे रक्त तपासले, त्या लोकांना त्यात काहीच गोडी वाटली नाही. त्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. संशोधकाला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आणि लोकांना छळणारा प्रश्न एकच असतील असे नाही, हे या अनुभवातून कळले. बाल्टिमोरच्या अभ्यासक्रमात नसलेला हा धडा गडचिरोलीने शिकवला.

त्यानंतर लोकांना विचारून पुढे जायची पद्धत पडली. आदिवासींना शहरी रुग्णालयाची भीती का वाटते, हे विचारल्यावर मिळालेली उत्तरे कोणत्याही ग्रंथात सापडली नसती. इमारत अवाढव्य आणि परकी. नातेवाइकांना थांबायला जागा नाही. डॉक्टर-परिचारिकांचे कपडे पांढरे आणि पांढरे वस्त्र तर मृताला गुंडाळायचे. देवाचे ठिकाण कोठे दिसत नाही. १९९३ साली गडचिरोलीजवळ 'शोधग्राम' उभे राहिले, तेव्हा तेथील रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला गोंडांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले.

न बोललेले दुखणे

डॉ. राणी बंग यांच्यासमोरचा प्रश्न स्त्रियांनीच आणला होता. पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, ओटीपोटातील दुखणे हे सगळे बायकांनी सोसायचे आणि कोणापाशी बोलायचे नाही, अशी रीत होती. राणीताईंनी जागतिक वैद्यकीय वाङ्मय धुंडाळले, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचे अहवाल पुष्कळ होते. पण गावातील सर्व स्त्रियांना तपासून, त्यांतील किती जणींना असे आजार आहेत हे सांगणारा अभ्यास मिळेना. म्हणजे पुन्हा छेदाचाच प्रश्न.

मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी अभ्यास हाती घेतला. तक्रार असो वा नसो, स्त्रियांची तपासणी करायची होती. संकोचाची भिंत उंच होती. ती उतरवण्याचे काम गावातील स्त्रियांच्या आणि सुईणींच्या मदतीनेच झाले. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. एकेका स्त्रीला सरासरी तीनाहून अधिक. या आधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शंभरात जेमतेम ८ होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हा शोधनिबंध 'द लॅन्सेट' या लंडनच्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा सरकारी विचार प्रामुख्याने बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांभोवती फिरत असे. स्त्रीला गर्भाशयाखेरीज शरीर असते, त्याला दुखणी असतात, हे जणू धोरणाला माहीतच नव्हते. १९९४ साली कैरो येथे भरलेल्या लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा विषय अग्रभागी आला. तोवर या विषयाची जी जागतिक चर्चा झाली, तिच्यात दोन खेड्यांतील या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा दाखला वारंवार दिला गेला.

वाळूचे घड्याळ आणि मणी

१९८८ साली 'सर्च'च्या कार्यक्षेत्रात हजार जन्मांमागे १२१ बालके पहिल्या वाढदिवसापूर्वी मृत्यू पावत होती. प्रत्येक मृत्यूनंतर घरी जाऊन आईला विचारले जाई: बाळाला काय होत होते, श्वास कसा चालला होता, किती दिवस? मृत्यूचे कारण अशा रीतीने शोधण्याची शास्त्रीय पद्धत आहे आणि तीही शिकावी लागते. नुकतेच मूल गमावलेल्या आईला प्रश्न कसे विचारायचे, हे मात्र कोणतीही पद्धत पुरते शिकवू शकत नाही. या नोंदींतून न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण पुढे आले.

न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र लागतेच असे नाही. आजारी मुलाचा श्वास वेगाने चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक असतील, तर खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया असण्याची शक्यता मानतात. प्रश्न एवढाच होता की अक्षरओळख नसलेली, मोठे आकडे मोजता न येणारी सुईण हे श्वास मोजणार कशी? या अडचणीतून एक साधे साधन तयार झाले. लाकडी चौकटीत एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला निदान करता येऊ लागले.

असे साधन सुचायला दोन्ही शिक्षणे लागतात. श्वासांची सीमारेषा पुस्तकातून येते. दहापर्यंतच मोजता येते, ही माहिती सुईणीच्या शेजारी बसल्याशिवाय मिळत नाही.

५८ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेवक आणि सुईणी यांनी मुलांना तपासून प्रतिजैविक औषध दिले. ४४ गावे तुलनेसाठी मोजली गेली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे १७.५ होते, तर उपचाराच्या गावांत ८.१. निम्म्याहूनही कमी.

पहिले अठ्ठावीस दिवस

न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तरी एक संख्या हलेना. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत जाणारी बाळे तशीच जात होती. अशा नवजात बाळावर उपचार केवळ रुग्णालयातच होऊ शकतात, अशी वैद्यकशास्त्राची त्या वेळची दृढ समजूत होती. पण बाळे जन्मत होती झोपडीत, आणि बाळंतिणीला व बाळाला घराबाहेर काढायचे नाही, अशी रूढी. रुग्णालय दूर, रस्ता नाही, पैसा नाही.

तेव्हा प्रत्येक गावातून एक स्त्री निवडली गेली. तिचे शिक्षण साधारणपणे पाचवी ते दहावी. तिला 'आरोग्यदूत' हे नाव मिळाले. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसोबत हजर राहायचे, न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करायचा, वजन करायचे, ताप पाहायचा, बाळाला उबेत ठेवायला शिकवायचे, आईचे दूध सुरू करून द्यायचे आणि पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी पुन्हा घरी जायचे. पहिल्या वर्षी तिचे मुख्य काम पाहणे आणि लिहिणे हे होते. ७६३ नवजात बाळांच्या या नोंदींतून असे दिसले की निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती शंभरातील तीन बाळांनाही मिळत नव्हती.

दुसऱ्या वर्षापासून जंतुदोष झालेल्या बाळांवर घरीच उपचार सुरू झाले. त्यात इंजेक्शनचाही समावेश होता. सातवी शिकलेल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचे, ही कल्पना अनेक तज्ज्ञांना धक्कादायक वाटणे स्वाभाविक होते. त्यांची शंका अनाठायी नव्हती. चूक झाली असती तर बाळाचा जीव गेला असता. म्हणून प्रशिक्षण काटेकोर होते, नोंदी पुनःपुन्हा तपासल्या जात, बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला आधी दिला जाई आणि आईवडिलांची संमती घेतल्याशिवाय उपचार होत नसत.

३९ गावांत हे काम चालले, ४७ गावे तुलनेची होती. येथे एक बोचरा प्रश्न उभा राहतो. तुलनेच्या गावांतील बाळांचे काय? तेथे शासनाच्या नेहमीच्या आरोग्य सेवा चालू होत्या. पण आरोग्यदूत नव्हती. उपचार उपयोगी ठरतो की नाही हे माहीत नसते, तोवरच अशी तुलना न्याय्य मानली जाते, आणि तो उपयोगी ठरताच तो सर्वांना मिळायला हवा, असे संशोधनाचे नीतिशास्त्र सांगते. वाक्य सोपे आहे. नोंदवहीत तुलनेच्या गावातील मृत्यू लिहिणाऱ्या हाताला ते सोपे वाटले असेल असे नाही.

डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यदूत असलेल्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आले होते. तुलनेच्या गावांत ते ५८ च्या आसपास होते आणि ६० च्या जवळपास राहिले. दुसरी ओळ नसती तर पहिल्या ओळीवर कोणीही शंका घेऊ शकले असते. दोन ओळी शेजारी ठेवल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही.

या शोधनिबंधावर लेखक म्हणून डॉक्टरांची नावे आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील प्रत्येक वजन, प्रत्येक तापमान, प्रत्येक श्वास आरोग्यदूतांनी रात्री-अपरात्री, कंदिलाच्या उजेडात, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेला आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बायकांच्या वह्यांवर जगातील तज्ज्ञांनी विश्वास ठेवला, कारण त्या वह्या चोख होत्या.

ही विद्या आता कोठे मिळते?

१९८० च्या दशकात हे शिक्षण घेण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले, तरी भारतात या विषयाच्या शिक्षणाचा आरंभ पूर्वीच झाला होता. कोलकात्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ सालची आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत १९९७ साली ही पदव्युत्तर पदवी सुरू झाली. आज चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ अशा ठिकाणीही ती मिळते. डॉक्टरांखेरीज परिचर्या, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा विषयांच्या पदवीधरांनाही अनेक संस्था प्रवेश देतात. मुक्त विद्यालयातून उच्च माध्यमिक परीक्षा देऊन पुढे पदवी घेणाऱ्यालाही ही वाट बंद नाही. मात्र ती लांबची आहे आणि तिच्यावर गणिताची भीती बाजूला ठेवावी लागते, हे आधीच सांगितलेले बरे.

गडचिरोलीतील कामाला पुढे अनेक मानसन्मान मिळाले. २००३ साली बंग दांपत्याला 'महाराष्ट्र भूषण' आणि २०१८ साली दोघांना 'पद्मश्री' देण्यात आला. त्याहून मोठी घटना २०११ सालची. त्या वर्षी केंद्र शासनाने नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि ते काम गावोगावच्या 'आशा' कार्यकर्तींकडे सोपवले. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते. घरीच जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही येते. तिच्या पिशवीत तापमापक, घड्याळ आणि झोळीचा वजनकाटा असतो, आणि बाळाचे वजन ती तेथल्या तेथे लिहून घेते.

शब्दार्थ

दगावणे – मरण पावणे
उष्मांक – अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे एकक
प्रचीती – प्रत्यक्ष अनुभव
नवजात – नुकतेच जन्मलेले. येथे अठ्ठावीस दिवसांपर्यंतचे बाळ
जंतुदोष – जंतूंच्या संसर्गामुळे होणारा आजार
अनाठायी – अस्थानी, विनाकारण
तेंदूपान – विडी वळण्यासाठी वापरले जाणारे पान

स्वाध्याय

१. 'पहिल्याच अभ्यासाने वेगळाच धडा दिला.' हा धडा कोणता, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. वाळूचे घड्याळ व मणी यांच्या साहाय्याने न्यूमोनियाचे निदान कसे केले जाई, ते आठ-दहा ओळींत समजावून सांगा.
३. तुलनेच्या गावांविषयी पाठात उपस्थित केलेल्या प्रश्नावर तुमचे मत कारणांसह लिहा.
४. ठाकुरदास बंग अमेरिकेला गेले नाहीत; त्यांचे पुत्र गेले. दोघांच्या निर्णयांत तुम्हांला विरोध दिसतो की सातत्य? चर्चा करा.
५. तुमच्या भागातील आशाताईंना भेटा. त्या नवजात बाळाच्या कोणकोणत्या नोंदी ठेवतात, ते विचारून घ्या. कोणाचेही नाव न लिहिता त्याविषयी एक परिच्छेद लिहा.